तरंगत्या मेणबत्त्या कडेला जाऊन चिकटतात, काय करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला ९व्या मजल्यावर राहते. यंदा दिवाळीत दारात पणत्यांच्या जोडीला पितळेच्या उरळीत तरंगत्या मेणबत्त्या ठेवायच्यात. जांभळी नाक्यावरून डझनभर आणल्या, काल रंगीत तालीम केली आणि फजिती झाली.

मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तरंगतात छान. पण ५ मिनिटांत सगळ्या एकमेकींना खेटून कडेला जाऊन बसतात, जशा काही भिशीलाच आल्यात! दोघी इतक्या जवळ आल्या की एकीच्या ज्योतीने दुसरीची कड वितळली, पाणी आत शिरलं आणि वात चर्रकन विझली. झेंडूच्या पाकळ्याही टाकल्या होत्या. सकाळी पाण्याला असा वास की विचारू नका. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

उरळी अगदी काठोकाठ भरली तर त्या मधे राहतात, असं मावशी म्हणते. कोणी करून पाहिलंय का? १८ इंची उरळीत किती ठेवाव्यात? खाडीकडचा वारा पॅसेजमध्ये घुसतो, त्याला आडोसा कसा करता? आणि पाण्यावर तेलाचा थर देऊन वात तरंगवतात, ते जास्त टिकतं का? घरात ४ वर्षांचं कार्टं आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.