आपत्तीत वरची मदत नेमकी कोणी मागायची? गाव, जिल्हा, राज्य, केंद्र

नदीकाठ:
पूर असो की भूकंप, नंतर तेच ऐकू येतं. खालचे म्हणतात आम्ही मदत मागितली होती, वरचे म्हणतात आमच्याकडे मागणीच आली नाही. मी आमच्या नगरपालिकेच्या आपत्ती आराखडा समितीत नागरिक म्हणून बसते. आराखड्यात पानोपानी 'समन्वय साधला जाईल' असं लिहिलंय पण कोणी कोणाला फोन करायचा हे कुठेच नाही. हे प्रत्यक्षात कसं चालतं, कोणी नीट सांगेल का?

पहिला_पाऊस:
बहुतेक देशांत तत्त्व एकच, जिथे घटना घडली तिथलं प्रशासन आधी जबाबदार, त्याला झेपेनासं झालं की जिल्हा, मग राज्य, मग केंद्र. वरचे येतात ते सहसा मदतीला, ताबा घ्यायला नाही. आणि हे बरोबरच आहे कारण कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे हे राजधानीत बसून कळत नाही.

गाडं अडतं ते मागणीवर. जपानमधल्या कोबेचा भूकंप बघा, 17 जानेवारी 1995, पहाटे 5.46. फोन लागेनात, रस्ते तुटलेले, प्रांताच्या कार्यालयात कर्मचारीच पोचू शकत नव्हते, आणि तिथे नियम असा की सैन्यदल सहसा गव्हर्नरने, म्हणजे प्रांताच्या प्रमुखाने, विनंती केली की निघणार. ती रीतसर विनंती गेली सकाळी 10 वाजता! 6,400 हून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी पडलेल्या घरांखाली. म्हणजे ज्याने मदत मागायची तोच कोलमडलेला होता. नंतर त्यांनी नियम सुधारले, आणीबाणीत विनंतीशिवायही दलाला निघता येईल आणि महापौराचा गव्हर्नरशी संपर्क होत नसेल तर त्याने थेट दलाला परिस्थिती कळवायची. तुमच्या आराखड्यात हा प्रश्न सगळ्यात आधी घाला, मागणी करणारं ऑफिसच पाण्याखाली गेलं तर कोण मागणार?

वायरलेस:
मी बरीच वर्षं एका नियंत्रण कक्षात रात्रपाळी केलीय म्हणून सांगतो, आधी फोनची यादी तपासा. एकदा सरावाच्या आदल्या रात्री मी यादीतले नंबर एकेक करून लावत बसलो, निम्मे बंद, काही जण बदलून गेलेले, आणि एक फोन एका बाईंनी उचलला, म्हणाल्या ते दोन वर्षांपूर्वी वारले. मी माफी मागितली आणि फोन ठेवला. ते नाव खोडताना हात जड झाला होता, आणि डोक्यात एकच की खरा पूर असता तर याच नंबरवर आपण अर्धा तास घालवला असता.

दुसरी गोष्ट, सामान आणि भाषा जुळायला हवी. 1904 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला मोठी आग लागली, शेजारच्या शहरांतून बंब धावून आले पण अनेकांच्या होजचं कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, तिथल्या हायड्रंटला, रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळाला, बसेना. माणसं आली, गाड्या आल्या, पाणी समोर होतं आणि दीड हजाराच्या आसपास इमारती जळाल्या. आज कपलिंगच्या जागी वायरलेसचे चॅनल असतात. एकाचं 'स्टँडबाय' म्हणजे दुसऱ्याचं 'निघा' असा घोळ मी स्वतः ऐकलाय. कॅलिफोर्नियात 1970 च्या वणव्यांनंतर यावरच काम झालं आणि त्यातून इन्सिडेंट कमांड सिस्टिम आली, एका घटनेला एकच रचना, सगळ्यांचे शब्द सारखे, आणि अनेक खात्यांची जबाबदारी असेल तर त्यांचे प्रमुख एकत्र बसून एकच उद्दिष्ट ठरवतात.

उंबरठा:
वरच्या दोघांशी सहमत, पण अडचण फक्त खालून वर जाण्यात नसते. जुलै 2021 मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पुराचे इशारे आधीच आलेले होते, घरं रिकामी करवायचा निर्णय जिल्हा पातळीचा, आणि सर्वोच्च पातळीचा अलार्म दिला गेला तेव्हा रात्रीचे 11 वाजून गेले होते, पाणी आधीच घरांत. त्या खोऱ्यात 130 हून जास्त लोक गेले. म्हणून म्हणते, आकडा आधीच लिहून ठेवा. नदी अमुक मीटरला गेली की लोकांना हलवायचं आणि जिल्ह्याकडे मागणी त्याच क्षणी जाणार, मीटिंग मागाहून घ्या. नाहीतर रात्री 2 वाजता एकटा ड्युटी ऑफिसर हाच विचार करत बसतो की उगाच ओरड केली तर काय.

नदीकाठ:
मनापासून आभार. पैशाचं काय पण? आमचे अधिकारी म्हणतात वरून मदत मागवली की बिल कोण भरणार म्हणून हात आखडतात.

पहिला_पाऊस:
ते आधी करारात ठरवतात. अमेरिकेत राज्याराज्यांमध्ये असा करार आहे, 1996 मध्ये त्याला काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी मिळाली, मदत मागणारं राज्य नंतर खर्च भरून देतं. शेजारच्या पालिकांशी दोन पानी करार तुम्हीही करू शकता, पंप कोणाचा, डिझेल कोणाचं, माणसाला दुखापत झाली तर भरपाई कोणाची, एवढं असलं तरी पुरे.

नदीकाठ:
गुरुवारी बैठक आहे. फोनची यादी मी आज रात्रीच लावून बघते.