गुहागरहून पुण्याला परतताना: घाट, आंबे आणि गाडी लागणं

प्रश्न: मेअखेर परतायचंय. पाच माणसं, आंब्याच्या तीन पेट्या, लहान मुलीला घाट लागतो. कुंभार्ली घाटाने यावं का? कधी निघावं?

सागरगोटा: चिपळूण–कुंभार्ली–पाटण–उंब्रज, हाच सोयीचा. पहाटे पाचला निघा. जाताना उतार होता, आता भरल्या गाडीनं चढ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. वरच्या गिअरमध्ये रेटलं की इंजिन धापा टाकतं. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि रुंद जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफ अंगावर येते. टायरची हवा टायर थंड असतानाच, पूर्ण भाराच्या आकड्याइतकी भरा.

पेटीवाला: माल हिरवटच घ्या. तयार आंब्याचा वास बंद गाडीत मुलीला आणखी मळमळवेल. पेट्या टपावर नकोत, पेट्यांवर गोधड्या-बॅगाही नकोत. हवा कोंडली की फळ तापतं, देठाकडून सडतं. घरी पोचल्यावर रात्रीच पेंढ्यात एका थरात पसरा. हे उद्यावर टाकलंत तर डागी फळं शेजारच्यांनाही घेऊन जातात.

घाटवाट: गाडी लागण्याची गोळी घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा निघण्याआधी अर्धा-एक तास द्या. मोबाइल बंद, नजर समोर लांबवर. पोट रिकामंही नको. सुकी पोळी पुरे. पुढे खंबाटकी घाटात पुण्याकडे येताना बोगदा आहे, तिथे घाटाइतका वळणांचा त्रास नाही. रविवार मात्र टाळाच, संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्याला गाड्या तुंबतात.