अंग काढून घेण्याविषयी

वय झाले की घरातल्या वादांतून अंग काढून घ्यावे, हे आपण मांडलेले मत मला अर्धेच पटते. मी ७१ वर्षांचा असून राजापूर तालुक्यातील आमच्या सामाईक घरात पत्नीसह राहतो. सातबाऱ्यावर १४ नावे आहेत. त्यामुळे छपराची कौले बदलायची म्हटली तरी मुंबई-पुण्यातल्या भावबंदांना फोन करावे लागतात, आणि सल्ला सगळ्यांकडून मिळाला तरी पैसे फार थोड्यांकडून येतात. अशा घरातून अंग काढून घ्यायचे ते कसे?

गेल्या वर्षी गणपती पाच दिवसांऐवजी दीड दिवसाचा करावा, असे मुलाने रजेच्या अडचणीमुळे सुचवले. मला ते मान्य होते, परंतु ज्या चुलतभावाने दहा वर्षांत माटवी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची लाकडी चौकट) बांधायला हात लावलेला नाही, त्यालाच परंपरा बुडाल्याचे सर्वाधिक दुःख झाले. गावच्या देवळातल्या गुरवाकडून देवाचा कौल, म्हणजे देवाची संमती, घ्यावी, इथपर्यंत गोष्ट गेली. (छपराच्या कौलांसाठी एवढी तत्परता कोणी दाखवली नव्हती.) आरती संपताच राजकीय पक्षफुटीवरून भांडणे झाली, ती वेगळीच.

राजकारणाचा मला जाणवणारा भाग साधा आहे. एसटीत ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट आहे, २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफतही झाला. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला जाताना मी पूर्ण भाडे भरतो, आणि त्या विषयावर आमच्या घरातले दोन्ही पक्ष गप्प असतात.