शेवटच्या मिनिटाला बोली टाकणं बरोबर आहे का?

इतवारी_नाणी: राजेहो, रविवारपासून डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून लिहितो. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या जुन्या नाण्यांच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांचा कटक टांकसाळीचा रुपया होता, १७५१ ते १८०३ ओडिशा त्यांच्याकडे होता तेव्हाचा, नाव अर्थात मुघल बादशहाचं. नाणं पाडायचा ठसा नाण्याहून मोठा असायचा त्यामुळे टांकसाळीचं नाव बहुतेक वेळा काठाबाहेरच जातं, याच्यावर मात्र फारसीतलं ‘कटक’ जवळजवळ पूर्ण उतरलेलं. पाच दिवस माझी २४०० ची बोली वर होती, कोणी हात लावला नाही. बोली दहाला बंद, आणि ९:५९ ला एकानं २४५० टाकले. मी मेट्रोत, लगेच २६०० टाइप केले पण मेसेजपाशी ते छोटं घड्याळच दिसत राह्यलं, सीताबर्डीला उतरलो तेव्हा गेला, वेळ १०:०१. पन्नास रुपयांनी नाणं गेलं. नियमात बसतं हो, पण रोज एकमेकांचं तोंड पाहणाऱ्या चाळीस लोकांत असं दबा धरून बसणं मला पटत नाही.

धरमपेठकर: नाही पटलं भाऊ. दहा म्हणजे दहा. तुझी खरी किंमत २६०० होती तर पाच दिवस २४०० वर काऊन बसलास? ईबेवर, त्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर, मी हेच शिकलो, आपला जास्तीत जास्त आकडा एकदाच टाकायचा आणि झोपायचं.

इतवारी_नाणी: ईबेवर तो आकडा लपलेला असतो ना दादा! सिस्टीम तुझ्यासाठी दुसऱ्याच्या बोलीच्या एक पायरी वरपर्यंतच चढवते, म्हणजे तू ५००० टाकले आणि दुसरा २४०० वर थांबला तर तुला अडीच हजाराच्या आसपासच पडतं. इथे मी २६०० लिहिलं की सगळ्यांना दिसतं आणि मला २६०० च द्यावे लागतात. ईबेचा सल्ला व्हॉट्सअॅपवर चालवला की खिशाला भोक.

जुना_गडी: ती २४५० ची बोली माझी होती, म्हणून मीच बोलतो. बाबू, तुझं नाणं हिसकायला बसलो नव्हतो. पंचवीस वर्षं भोसल्यांची नाणी गोळा करून राहिलो, आणि मी सोमवारी बोली टाकली की मंगळवारी चार जण फक्त माझं नाव पाहून वर चढतात, त्यातल्या दोघांना टांकसाळ वाचता येत नाही. माझं वाचन, माझा अभ्यास फुकटात वाटला जातो, आणि पेन्शनीत मला तेवढं चढता येत नाही. म्हणून शेवटी येतो. रॉथ आणि ऑकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा पेपर आहे यावर, ईबेवर कॉम्प्युटरपेक्षा अँटिकच्या लिलावात शेवटच्या क्षणाच्या बोल्या जास्त सापडल्या त्यांना. जिथे माहितीला किंमत आहे तिथे माणूस ती झाकणारच.

इतवारी_नाणी: काका, तुम्ही होता हे माहीत नव्हतं. तुमच्या नावाकडे पाहून लोक चढतात हे खरंय, मीही एकदा केलंय. पण त्याच पेपरात अॅमेझॉनच्या लिलावाचंही आहे ना? तिथे शेवटी बोली आली की वेळ वाढायची, दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरच बंद, आणि तिथे शेवटची झुंबड बरीच कमी दिसली. म्हणजे माणसांचा नाही, घड्याळाचा दोष. आपणही पाच मिनिटं वाढवू.

विकणारी_ताई: माझा पूर्ण पाठिंबा. त्या रविवारी माझी दोन नाणी अशीच शेवटी एकेका बोलीत गेली, समोरचा अजून द्यायला तयार होता आणि मला मिळालं नाही. आणि व्हॉट्सअॅप नुसता मिनिट दाखवतं, सेकंद नाही, ‘१०:००’ चा मेसेज धरायचा की नाही यावर दर वेळी भांडण. पण याच्याहून मोठी गोष्ट बोला ना कोणीतरी, “तू तो लॉट सोड मी हा सोडतो” असं पर्सनलवर ठरवून येणारे. ती सरळ विकणाऱ्याची फसवणूक आहे. आणि जिंकल्यावर “घरचे नाही म्हणाले” म्हणणारे. बोली दिली म्हणजे शब्द दिला.

धरमपेठकर: लॉट वाटून घेणं चूक, मान्य. पण वेळ वाढवायला माझा विरोध. मागे एका ग्रुपवर होतं तसं, रात्री पावणेबारापर्यंत पन्नास पन्नासनी चढत गेले, सकाळी घेणाऱ्यालाच समजेना एवढे कसे दिले. दोघांना ईर्ष्या चढली की नाण्याचा भाव राहत नाही, जिद्दीचा राहतो. ठरलेल्या वेळेमुळे निदान माणूस थांबतो तरी.

जुना_गडी: माझंही तेच. वेळ वाढली की ज्याची थैली मोठी तो जिंकतो, ज्याचा अभ्यास मोठा तो नाही.

विकणारी_ताई: काका, अभ्यासाला मान आहेच, पण नाणं माझं आहे. त्याचा पूर्ण भाव मिळावा असं मला वाटण्यात काय चूक?

इतवारी_नाणी: मधला मार्ग सुचवतो. वाढ पाच मिनिटांचीच, फक्त दोनदा, आणि ज्याला नाव झाकायचंय त्यानं आपला वरचा आकडा आधीच अॅडमिनला पाठवावा, अॅडमिन ईबेसारखं चढवेल. अट एकच, त्या दिवशी अॅडमिनचा स्वतःचा लॉट नको.

जुना_गडी: आकडा अॅडमिनकडे द्यायला तयार आहे. दोनदा वाढ जास्त होते, एकदाच ठेवा. आणि बाबू, रविवारी घरी ये, तो रुपया भिंगाखाली दोघं मिळून पाहू, सालाचा आकडा मला अजून लागलेला नाही.