सुरक्षा तपासणीच्या रांगेचे प्रतिमान: सरासरी आवक धरावी की गर्दीच्या वेळची?

प्रश्न

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी देशांतर्गत टर्मिनलमधील सुरक्षा तपासणीचे संगणकीय प्रतिमान करत आहे. सरावासाठी घेतलेले आकडे असे: पहिली 40 मिनिटे मिनिटाला 15 प्रवासी येतात, पुढची 80 मिनिटे 8, आणि चार लेन मिळून मिनिटाला 12 जणांची तपासणी होते. दोन तासांची सरासरी आवक घालून पाठ्यपुस्तकातले रांगेचे सूत्र वापरले, तर प्रतीक्षा अर्ध्या मिनिटाच्या आत येते. गर्दीच्या वेळची आवक घातली, तर ती अनंत येते. यांतले कोणते उत्तर ग्राह्य धरावे?

प्रतिसाद 1

दोन्ही नाही. ते सूत्र स्थिर अवस्थेचे, म्हणजे आवक आणि तपासणीचा सरासरी वेग बराच काळ न बदलता राहतो तेव्हाचे आहे आणि विमानतळावर ती अवस्था क्वचितच येते, कारण प्रवासी उड्डाणांच्या वेळापत्रकाप्रमाणे लोंढ्याने येतात. प्रथम आलेख कागदावर काढा: आलेल्या प्रवाशांची एकूण बेरीज एका रेषेने आणि तपासून पुढे गेलेल्यांची दुसऱ्या रेषेने. दोन रेषांतले उभे अंतर म्हणजे रांगेतली माणसे, आडवे अंतर म्हणजे प्रतीक्षा. चाळिसाव्या मिनिटाला 600 आले, 480 गेले, म्हणजे 120 जण रांगेत आहेत आणि शेवटच्याला 10 मिनिटे थांबावे लागेल. ही रांग ओसरायला आणखी 30 मिनिटे लागतात.

आता एक लेन बंद करून पाहा. रांग 240 वर जाते, प्रतीक्षा जवळजवळ 27 मिनिटांवर. आणि त्यानंतर मिनिटाला एकच माणूस कमी होत असल्याने, आवक तशीच राहिली तर रांग ओसरायला चार तास लागतात. क्षमता फक्त पाव भागाने घटली होती! तेव्हा मनुष्यबळाचा निर्णय सरासरीवरून घेणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद 2

वरील मांडणी योग्य आहे, पण ‘मिनिटाला 12’ हा आकडा कोठून आला, हेही तपासावे. आपल्याकडे सुरक्षा तपासणी ही एक खिडकी नसून समांतर चालणाऱ्या दोन प्रक्रिया आहेत: ट्रे एक्स-रे यंत्रातून जातो, आणि प्रवाशाची अंगझडती वेगळी होते, तीही महिलांची पडद्याआड, महिला कर्मचाऱ्यांकडून. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय प्रवासी मोकळा होत नाही, म्हणून महिला प्रवाशांचे प्रमाण बदलले की लेनची क्षमताही बदलते.

शिवाय यंत्राच्या पलीकडचे टोक नीट पाहा. लोक लॅपटॉप बॅगेत भरत आणि कमरेचा पट्टा लावत तिथेच उभे राहतात, रोलरवर ट्रे साचतात आणि शेवटी यंत्राचा सरकता पट्टा थांबवावा लागतो. यंत्र पूर्ण चालू असूनही लेन अडते. हा अडथळा न दाखवणारे प्रतिमान क्षमता हमखास जास्त दाखवते. त्यासाठी आवक, झडती, सरकता पट्टा आणि ट्रे उचलणे या टप्प्यांचे घटनाधारित सिम्युलेशन (एकेका घटनेने पुढे सरकणारी संगणकीय नक्कल) करावे, आणि ते वेगवेगळ्या यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने ठरणाऱ्या आकड्यांच्या क्रमांनी अनेकदा चालवावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. प्रवाशांच्या चालण्यासाठी हेल्बिंग आणि मोल्नार यांचे 1995 चे सामाजिक बलांचे प्रतिमानही जोडावे का?

प्रतिसाद 2

या प्रश्नापुरते नको. माणसे एकमेकांना कशी टाळत चालतात, हे ते प्रतिमान सांगते. अरुंद मार्गिका, सरकते जिने किंवा सामानाच्या पट्ट्याभोवतीची गर्दी यांसाठी ते उपयोगी आहे. दोऱ्यांनी आखलेल्या रांगेत वेग पुढच्या तपासणीवरूनच ठरतो. तो वेळ प्रत्यक्ष मोजमापावर खर्च करा: परवानगी घेऊन, ट्रे ठेवल्यापासून तो उचलेपर्यंतच्या वेळा गर्दीत आणि निवांत वेळी स्वतंत्रपणे नोंदवा.