मोतमाउलीचा मेणाचा पाय आणि रिक्षातलं लिंबू-मिरची: फरक काय?

गोराईकर
रविवारी आईला घेऊन बांद्र्याला मोतमाउलीला (माउंट मेरी चर्चला) गेलो. आईचा गुडघा गेली दोन वर्षं दुखतोय. चर्चसमोरच्या दुकानातून नवसाला वाहायचा मेणाचा पाय घेतला; ज्यासाठी नवस, त्या आकाराचं मेण वाहतात. शेजारची बाई मेणाचं घर घेत होती, एक जोडपं मेणाचं बाळ. परतताना रिक्षाला लिंबू-मिरची लटकलेली. आई हळूच म्हणते, "काय ही अंधश्रद्धा!" मी गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यात तेच. मला तरी दोन्ही एकच वाटतं. बोला.

नोव्हेना_बुधवार
एक कसं? जादूटोण्यात 'मी हे केलं की ते व्हायलाच पाहिजे' असा हुकूम असतो. नवस ही विनवणी आहे. नाही ऐकलं तर माउलीवर केस टाकता येत नाही. बायबलमध्ये शिमोन जादूगार येशूचा शिष्य पेत्र याला पैसे देऊन, डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्मा देण्याची शक्ती मागतो, आणि पेत्र त्याला झाडतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8). कॅथलिक धर्मशिक्षणातही स्पष्ट आहे: मन बाजूला ठेवून नुसत्या बाह्य कृतीनं फळ मिळेल असं मानणं हीच अंधश्रद्धा.

पायरीवरचा
दुकानातल्या किती जणांनी ते वाचलंय? 😀

नगरवाला_प्रॉटेस्टंट
अध्याय 8 वर थांबू नका, 19 वाचा. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घालतात आणि ते बरे होतात. त्याच अध्यायात इफिस शहरातले लोक जादूच्या पोथ्या जाळतात, किंमत चांदीची 50 हजार नाणी. म्हणजे रुमाल चालतो, पोथी चालत नाही! मधे स्कवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला जातात आणि त्या झपाटलेल्या माणसाकडून मार खाऊन उघडेनागडे पळतात. माझ्या मते रेघ तिथे आहे, नाव मंत्रासारखं वापरण्यात; वस्तूत नाही. आणि आम्ही मेण नाही लावत म्हणून शहाणे असंही नाही. आमच्याकडच्या काही सभांत तेलाच्या बाटल्या वाटतात, लोक त्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात.

बोचरा_वारा
2012 ला विलेपार्ल्याला क्रुसातून पाणी ठिबकत होतं, लोक तीर्थ म्हणून घेत होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एदमारुकूंनी जाऊन दाखवलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. बक्षीस काय? तक्रारी, आणि माणूस फिनलंडला. 2013 चा आपला जादूटोणाविरोधी कायदा नुसत्या प्रार्थनेला हात लावत नाही. भूत काढतो म्हणून माणसाला दोरीनं बांधून मारलं की लावतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

मनोरीची_सून
माझी आजेसासू पक्की ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडची मूळची मराठी कॅथलिक), मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवली नाही. पण पोर किरकिरलं की मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. ठसका नाही आला तर 'दिष्ट होतीच बघ'. ओवाळताना तोंडात 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. फादर आले की चुलीवर चहाचं आधण! तिला यात काही विसंगती वाटली नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. नात्यातल्या एका मुलीला फिट यायच्या. एका 'प्रार्थना करणाऱ्या'नं 11,000 घेतले आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. ती बाथरूममध्ये पडली, कपाळाला सात टाके. चर्चच्या कायद्यात बिशपच्या खास परवानगीशिवाय भूत काढता येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

नोव्हेना_बुधवार
@मनोरीची_सून, हे वाचून वाईट वाटलं. गोळ्या बंद करायला सांगणारा कुठल्याच बाजूचा नाही.

गोराईकर
अपडेट. आईचा उजवा गुडघा दुखतो आणि मी गडबडीत डावा पाय वाहिलाय! आई म्हणतेय परत जाऊन उजवा वाहून ये.

नोव्हेना_बुधवार
काही गरज नाही. माउलीला कळतं कुठला दुखतो ते.

गोराईकर
मग मुळात मेणाचा पाय कशाला?

नोव्हेना_बुधवार
आईला विचार.

गोराईकर
विचारलं. ती म्हणते, उगाच वाद घालू नकोस, शनिवारी जाऊन ये. आणि येताना हाडाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे.