वाळूजची ऑफर, पगार वाढवून कसा मागावा?

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरीची ऑफर आहे, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 3.60 लाख. मुलीनं घासाघीस केलेली चालते का?

उत्तर 1: चालते की! पुढची वाढ याच आकड्यावर टक्क्यांनी मिळते. आज कमी धरलं की दरवर्षी कमी.

उत्तर 2: ताई, आधी पगाराचा ब्रेकअप मागा, म्हणजे कशाचे किती ते. बेसिक (मूळ पगार) 15,000 असेल तर तुमचा आणि कंपनीचा पीएफ 1,800-1,800, ग्रॅच्युइटीचे साधारण 720, प्रोफेशन टॅक्स 200. महिना 30,000 दिसतात, हे सगळं वजा जाता हातात पडतात 25,500 च्या आसपास. बोलणी हातातल्या आकड्यावर करा.

उत्तर 3: जुना पगार विचारला तरी "या कामाला 34,000 अपेक्षित" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. तिथंच घाईनं "चालेल सर" निघतं. घरभाड्याचं रडगाणं नको. सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन) चालवता येत असेल तर ते सांगा. "सहा महिन्यांनी बघू" म्हणाले तर मेलवर घ्या, तोंडी बोललेलं कुणी बघत नसतं.